पंगतीत मागितलेली गाडी

आमच्या घरामागे पत्र्याचं एक शेड आहे. शेजारी त्याला गोदाम म्हणतात, बायको उकिरडा म्हणते आणि मी वर्कशॉप म्हणतो. या उन्हाळ्यापर्यंत त्यात तीन जुन्या मोटारसायकली होत्या. एक विटांवर, एक भिंतीला टेकून आणि एक ताडपत्रीखाली. तिन्हींतली एकही सुरू होत नव्हती, आणि तिन्ही मी लवकरच सुरू करणार होतो. हे ‘लवकरच’ पंधरा वर्षं चाललं होतं.

माझं रोहिणखेडात मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की शेतकरी ती माझ्याकडे आणतो. मी जळालेली तांब्याची तार काढतो आणि नवी भरून देतो. उन्हाळ्यात मान वर करायला फुरसत नसते. पावसाळा लागला की विहिरी भरतात, मोटारी गप्प होतात आणि माझं डोकं चालायला लागतं. दर पावसाळ्यात मी जाहीर करायचो, यंदा एक गाडी उभी करतोच. जाहीर करण्यात मी पटाईत आहे. बायकोने त्यावर काही बोलणंही सोडून दिलं होतं.

या वर्षी मात्र उस्तादांनी घोळ मिटवला. उस्ताद म्हणजे मोताळ्याचे जुने मिस्त्री. सत्तरी ओलांडलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जुन्या गाडीचं इंजिन कसं बोलतं ते कळणारा आमच्या भागातला हा शेवटचा माणूस, असं मी मानतो, आणि त्यांचंही मत फारसं वेगळं नाही. श्रावणात डोळ्यांचं ऑपरेशन आणि त्यानंतर मुलगी त्यांना कायमची आपल्याकडे नेणार होती. मे महिन्यात ते माझ्या शेडच्या दारात उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “भाऊ, जाने से पहले एकच इंजिन खोलूंगा. तीन नाही, एक. कोनसी ते तुम बोलो. आठ दिवसात बोलो.”

आता आली का पंचाईत! पंधरा वर्षं मी ‘तिन्ही करू’ म्हणत होतो ते यासाठीच, की निवडायला लागू नये.

पहिली होती ती बुलेट. एका कंत्राटदाराच्या घरी कोंबड्या बसायच्या तिच्यावर, तिथून मी सोडवून आणली. ती जर सुरू झाली असती तर गल्लीतली भांडी वाजली असती, हे तिच्या बाजूने. विरुद्ध बाजूने म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागाला बोट जाईल एवढी चीर होती. दुसरी माझी स्वतःची, शंभर सीसीची, दुकान नीट चालायला लागल्यावर घेतलेली. तिच्यावरून मी कित्येक गुरुवारी शेगावला दर्शनाला गेलो, तिच्या टाकीवर बसून माझी दोन्ही मुलं शाळेत गेली. तिला दुरुस्त करणं सोपं होतं. पण उस्तादांनी तिच्याकडे पाहून नाक मुरडलं. “इसको क्या करना है? धो डालो, चालू हो जायेगी.”

मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर दोन रकाने आखले. दुकानाच्या ओट्यावर बसणाऱ्या मंडळींची मतं घेतली. चारपैकी तिघे बुलेटच्या बाजूने, आणि चौथ्याचं म्हणणं की तिन्ही भंगारात घालून चांगली शेळी घ्यावी. बायको चहा घेऊन आली, कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, “एक ना धड, भाराभर चिंध्या.” कप ठेवून आत गेली.

दोनच रकाने का, तीन का नाहीत, असं कुणी विचारलं नाही. विचारलं फक्त उस्तादांनी. एका संध्याकाळी ते डोकावले आणि निघता निघता त्यांनी ताडपत्रीचं टोक उचललं. खाली काळी टू-स्ट्रोक गाडी होती, गंजलेली, सीटचा फोम उंदरांनी खाल्लेला.

“अन् ये?”

“ते नाई,” मी म्हणालो. “ते अशीच हाये.”

“अशीच मतलब?”

“अशीच म्हणजे अशीच, उस्ताद. चहा घ्या.” आणि मी ताडपत्री पुन्हा ओढून घेतली.

ती अशीच नव्हती. ती माझ्या सासऱ्यांची होती आणि मी ती लग्नात रुसून घेतली होती.

हे नीट सांगायला हवं. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत नवरदेव रुसतो. ताट वाढलेलं असतं, उदबत्त्या लावलेल्या असतात, सगळी पंगत खोळंबलेली असते आणि नवरदेव घासाला हात लावत नाही. मग सासरा येतो, काय पाहिजे म्हणून विचारतो, घड्याळ किंवा अंगठी कबूल करतो, हशा होतो आणि जेवणं सुरू होतात. खेळच असतो तो. बहुतेक वेळा काय मागायचं आणि काय द्यायचं हे आधीच ठरलेलं असतं. माझंही ठरलेलं होतं, घड्याळ. सासऱ्यांनी ते खिशात आणूनही ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

पण मी पंचवीस वर्षांचा होतो आणि डाव्या-उजव्या हाताला माझे मित्र बसले होते. मांडवाबाहेर लिंबाखाली ती काळी गाडी उभी होती. एकाने कोपर मारलं, “घड्याळाले काय चाटतं बे? गाडी माग.” मी मागितली. मला वाटलं, हसतील, नाही म्हणतील, मग घड्याळावर तोडगा निघेल. उचलली जीभ, लावली टाळ्याला. सासरे क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. हसले नाहीत. त्यांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. मित्रांनी शिट्ट्या मारल्या. मी तेव्हाही म्हणू शकत होतो की मामाजी, थट्टा केली. तोंडात शब्द आले होते. पण सगळा मांडव माझ्याकडे पाहत होता आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं. मी जिलेबी उचलली आणि जेवायला लागलो.

सासरे बीबी गावाजवळ मळा करतात. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मिरची. ती गाडी म्हणजे त्यांचा अर्धा धंदा होता. मागे लोखंडी पट्ट्यांचं कॅरिअर जोडलेलं, त्यावर दोन्हीकडे भाजीच्या टोपल्या. गाडी माझ्याकडे आल्यावर पुढची दहा-बारा वर्षं ते सायकलवर भाजी नेत होते. हे मला माहीत होतं. दिवाळीला गेलो की भिंतीला टेकलेली सायकल दिसायची, आणि मी तिच्याकडे न पाहता आत जायचो. त्यांच्या तोंडून गाडीचं नावसुद्धा कधी निघालं नाही.

मी काय केलं? घरी आणल्यावर आठ दिवसांत ते कॅरिअर कापून भंगारात टाकलं, कारण ते खेडवळ दिसायचं. हँडलला गोंडे लावले, दोन भोंगे बसवले. सहा वर्षं पिदडली आणि इंजिन जाम झालं तशी ताडपत्रीखाली ढकलली. ज्या गाडीसाठी एका माणसाला मी सायकलवर आणलं, ती मला धड सांभाळताही आली नाही.

आणि माझी बायको त्या गाडीवर कधीच बसली नाही. एकदाही नाही. नव्या नवरीला मागे बसवून मोताळ्याच्या बाजारात फिरायचं माझं केवढं स्वप्न होतं! मी गाडी काढायचो, ती म्हणायची, “तुम्ही व्हा पुढं, मी यष्टीनं येते.” शंभर सीसीवर बसली, शेजाऱ्याच्या स्कूटरवर बसली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसली, पण त्या काळ्या गाडीवर नाही. मी चारचौघांत तिची थट्टा करायचो, “आमच्या महाराणीले फटफटी चालत नाई.” लोक हसायचे, मीही हसायचो. ती हसायची नाही, रागवायचीही नाही. हळूहळू आम्ही दोघंही त्या ताडपत्रीला वळसा घालून शेडमध्ये जायला शिकलो. एकतीस वर्षं संसार केला, दोन मुलं वाढवली, भांडलो, गोड झालो, पण ती एक जागा तशीच राहिली.

उस्तादांच्या आठ दिवसांतला सहावा दिवस होता. मेहकरच्या बाजूला बायकोच्या नात्यातलं लग्न निघालं, तिथे आम्ही गेलो. पंगतीत माझ्या शेजारी सासरे बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण अजून पाठ ताठ. समोरच्या ओळीत नवरदेव होता आणि रिवाजाप्रमाणे तो रुसला. मोबाइल पाहिजे म्हणाला. पोरं ओरडायला लागली. नवरीचा बाप हसत हसत पुढे आला, त्याने खोकं आधीच आणलेलं होतं, टाळ्या पडल्या. सगळं हसतखेळत झालं. कुणाला काही बोचलं नाही.

मी सहज बाजूला पाहिलं. सासऱ्यांचा हात वरणभातावर थांबला होता. घास कालवलेला, पण बोटं हलत नव्हती. नवरदेवाने जेवायला सुरुवात केली तेव्हा त्यांची बोटं पुन्हा हलायला लागली आणि ते जेवू लागले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मला तिथल्या तिथे जमीन दुभंगावी असं झालं. एकतीस वर्षांनी त्या माणसाचा हात थांबतो, आणि मी कॅलेंडरच्या मागे दोन रकाने आखून बसलो होतो!

घरी आल्यावर मी तो कागद फाडला. उस्तादांना फोन केला, “ताडपत्रीवाली.” ते म्हणाले, “मालूम था.” त्यांना काय माहीत होतं देव जाणे, उस्तादांना सगळं आधीच माहीत असल्यासारखं बोलायची सवय आहे.

बायकोला सांगणं त्याहून कठीण होतं. ती ओसरीत तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, “म्या ठरवलं. आबांची गाडी पयले करतो. अन् झाली का त्याईले नेऊन देतो.” तिची बोटं चाळत राहिली. एकतीस वर्षांत आम्ही दोघांनी पहिल्यांदा त्या गाडीला ‘आबांची’, म्हणजे तिच्या वडिलांची, म्हटलं होतं, खरं तर मी एकट्यानेच. मला वाटलं आता एकतीस वर्षांचा हिशेब निघतो. मग म्हणाली, “करा. पण गाजावाजा करू नोका.” एवढंच.

पाऊस लागला, दुकान ओसरलं आणि आम्ही इंजिन उघडलं. उस्तादांना दिसत कमी होतं, पण बोटं शाबूत होती. सिलेंडरच्या आतून अंगठा फिरवून ते सांगायचे की इथे चरा पडलाय, इथे नाही. सिलेंडर बुलढाण्याला नेऊन घासून आणला, त्याला एक माप मोठा पिस्टन बसवला. टाकीत बारीक गिट्टी आणि डिझेल घालून मी दोन दिवस ती हलवत बसलो, तेव्हा कुठे आतला गंज सुटला. वीज तयार करणारी कॉइल जळून कोळसा झाली होती. ती मी स्वतः भरली. आयुष्यभर लोकांच्या मोटारी भरल्या, पण त्या एवढ्याशा कॉइलचे वेढे मी तीन-तीनदा मोजले, तेही उस्तादांची पाठ असताना.

मग प्रश्न आला की गाडी कशी दिसली पाहिजे. माझे गोंडे आणि भोंगे मी काढून फेकले, ते सोपं होतं. पण कॅरिअर? त्याचा फोटोसुद्धा नव्हता. वेल्डिंगवाल्याला काय सांगायचं म्हणून मी अंगणात खडूने आकृत्या काढत बसलो होतो. बायको धुणं वाळत घालायला आली, पाहिलं आणि म्हणाली, “एवढं रुंद नव्हतं. हातभर. अन् डावीकडचं उजवीपेक्षा चार बोटं वर होतं, सायलेंसर लागू नये म्हून.” सायलेन्सर उजवीकडे असतो, मी म्हणालो. “ह्या गाडीले डावीकडं हाये,” ती म्हणाली आणि चिमटे घेऊन गेली. मी जाऊन पाहिलं. डावीकडेच होता. लेकीला बापाघरच्या वस्तू लक्षात राहतात, असं मी मनाशी म्हटलं.

ज्या दिवशी पहिल्यांदा किक मारायची त्या दिवशी ओट्यावरची मंडळीही जमली. वीस किका झाल्या. उस्तादांना घाम आला, मला आला, शेळीवाल्यांनी पुन्हा शेळीचा विषय काढला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, “पेट्रोल बंद करा अन् चार किका कोरड्या मारा. मंग सोडा.” उस्तादांनी कान टवकारले. तसं केलं. पाचव्या किकेला गाडी फुटफुटली, निळा धूर सोडला आणि चालू झाली. सगळे ओरडले. उस्ताद मला म्हणाले, “भाभी को आवाज समझता है.” मी छाती काढून म्हणालो, “तीस वर्स मिस्त्रीच्या घरात राह्यली, उस्ताद. येवढं त येईनच.” आजही हे वाक्य आठवलं की माझे कान गरम होतात.

उस्ताद ठरल्याप्रमाणे श्रावणात गेले. जाताना गाडीच्या टाकीवर हात फिरवला, माझ्या पाठीवर नाही.

पोळा झाला त्या आठवड्यात आम्ही निघालो. गाडीचे कागद आजवर सासऱ्यांच्याच नावावर होते. नाव बदलायची तसदी मी घेतली नव्हती आणि कागदांची मुदतही कधीच संपलेली. म्हणून ती माझ्या मोटारी वाहायच्या पिकअपमध्ये दोराने बांधली. बायको शेजारी बसली. राजूरचा घाट चढलो, बुलढाणा, चिखली मागे पडलं. सासऱ्यांनी गाडीला हात लावायला नकार दिला तर? ‘आता कशाला आणली?’ म्हणाले तर? बैल गेला अन् झोपा केला, असं आमच्याकडे म्हणतात, आणि ते म्हणायचा हक्क त्यांच्याएवढा कुणालाच नव्हता. मेहकर ओलांडलं की बायकोची बोली बदलते. ‘मले’चं ‘मला’ होतं. त्या दिवशीही झालं. सुलतानपूरच्या पुढे ती म्हणाली, “मला भ्या वाटतंय.” मी म्हणालो, मलेबी.

मळ्यात पोचलो तेव्हा सासरे लिंबाखाली बाजेवर बसून सांबाराच्या जुड्या बांधत होते. धाकटी मेहुणी आणि तिचा नवरा त्याच घरात राहतात, मळाही आता तेच पाहतात. मेहुणी पाणी घेऊन आली. मी आणि साडूने गाडी खाली उतरवली. सासऱ्यांनी जुडी बाजूला ठेवली आणि उठून आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. कॅरिअर दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं.

मी वाक्यं तयार करून आणली होती. त्यातलं एकही आठवेना. मी म्हणालो, “मामाजी, हे तुमची हाये. म्या मागाले नोको होती. तवाच वापस द्याची होती. चुकलो.” बस, एवढंच निघालं. आणि किल्ली पुढे केली.

त्यांनी किल्ली घेतली नाही. माझ्याकडे नीट पाहिलं. त्या लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं नीट. म्हणाले, “जावईबापू, गाडीचं जाऊ द्या. पोरगी तिकडं नीट ऱ्हावी, कुणी तिला टोचून बोलू नये, म्हणून दिली म्या ती. ऱ्हायली का नीट?”

चारचौघांत केलेल्या सगळ्या थट्टा एकदम आठवल्या. हो म्हणायला तोंड उघडेना आणि नाही म्हणायला छाती होईना. मी बायकोकडे पाहिलं. मेहुणीनेही पाहिलं. खरं सांगतो, एकतीस वर्षांत मी कुठल्याच उत्तराची इतकी वाट पाहिली नव्हती.

तिने आधी टाकीवरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाली, “ऱ्हायले ना आबा. लई बोलतेत हे, पण माणूस वाईट न्हाई.” आणि माझ्या हातातली किल्ली घेतली.

मला वाटलं ती वडिलांच्या हातात देईल. तिने पदर कमरेला खोचला, चप्पल काढून बाजूला सरकवली, पेट्रोलचा कॉक फिरवला आणि गाडीवर बसली. पहिली किक वाया गेली. दुसरीला गाडी सुरू झाली. सासरे निमूटपणे मागे बसले, दोन्ही हात कॅरिअरवर ठेवून, जणू रोजचंच काम. तिने गिअर टाकला, एक हिसका बसला, इंजिन बंद पडलं. “क्लच हळू,” सासरे म्हणाले. तिने पुन्हा किक मारली आणि दोघं मळ्याच्या वाटेने विहिरीकडे निघून गेले.

मी हातात दोर धरून उभा होतो. मेहुणी माझ्या तोंडाकडे पाहून हसायला लागली. “जिजाजी, तुम्हाला ठावं नव्हतं?”

मला काहीच ठावं नव्हतं. मग मेहुणीने सांगितलं. सतराव्या वर्षापासून ही गाडी तीच चालवायची. मळ्यातून बीबीच्या बाजारापर्यंत, पुढे ती आणि मागे टोपल्या सांभाळत आबा. आबांनाच शिकवत बसायची, प्लग कसा पुसायचा, कोरड्या किका कशा मारायच्या. बाजारात लोक नावं ठेवायचे आणि आबा म्हणायचे, माझा पोरगा आहे तो. लग्न ठरलं तेव्हा तिने आबांना एकच सांगितलं होतं, मी गेल्यावर गाडी विकू नका, दिवाळीला आले की चालवीन.

आणि मी पंगतीत बसून ती मागितली. सासऱ्यांची गाडी मागितली असं मी एकतीस वर्षं समजत होतो. मागितली होती तिची. आणि वर तिला मागे बसायला बोलावत होतो!

विहिरीकडून येणारा आवाज बंद झाला. मी कान दिला. काही नाही. वाटेवर चिखल होता, सासरे अठ्ठ्याहत्तरचे, ब्रेक मी स्वतः बसवलेले. मी धावतच निघालो. साडू म्हणाला, “थांबा हो, बसले आसतील.” पण मी थांबलो नाही. अर्ध्या वाटेवर पुन्हा फटफट सुरू झाली आणि ज्वारीच्या आडून गाडी समोर आली. बायकोच्या साडीवर चिखल उडाला होता, सासऱ्यांची टोपी त्यांच्या हातात होती आणि दोघंही हसत होते. मी बांधावर बसलो. तिने गाडी माझ्यासमोर थांबवली, मला तसं बसलेलं पाहिलं आणि म्हणाली, “आम्ही बोलत बसलो व्हतो. मागचा बिरेक ढिला हाय. घट्ट करून द्या.” मी जिवात जीव आल्यासारखा तिथेच पाना मागवून ब्रेक घट्ट केला. तेवढं काम मला दिलं याचंही मला बरं वाटलं.

गाडी तिथेच ठेवली. दुपार कलल्यावर आम्ही निघालो. पिकअप मागे रिकामी होती, खड्ड्यात उडायची. मेहकर गेल्यावर मी विचारलं, “काऊन नाई सांगितलं कधी?”

ती म्हणाली, “सांगितलं असतं त तुमी म्हटलं असतं, घे, चालव. उपकार केल्यासारखं. मले तसी नोको होती.”

“अन् मंग आता?”

“आता ते आबांच्या अंगणात हाये.”

राग होता का, तर होता, हे न विचारताही कळत होतं. पण तो आता मला ठाऊक होता, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीबरोबर राहता येतं. चिखली यायच्या आधी तिचं डोकं एका बाजूला कललं. माहेराहून परतताना ही बाई कधी झोपत नाही. एकतीस वर्षं मी पाहत आलो, सगळा रस्ता ती ताठ बसून खिडकीबाहेर बघते आणि घर आलं की उतरते. त्या दिवशी ती तोंड उघडं टाकून गाढ झोपली, माझ्या खांद्यावर. घाट उतरताना मी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली. मागून लोक हॉर्न मारत होते.